दुकान, नोकरी, संसार सांभाळून कथा कशी लिहायची : माझी पद्धत

आधी वहीचं सांगतो, कारण बहुतेकांचं गाडं तिथंच अडतं. भारीतली डायरी अजिबात घेऊ नका. तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली, त्यातली चौदा वर्षं कथा लिहितोय, आणि सगळ्या कथा सुरू झाल्या त्या एमआर लोक (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) फुकट देतात त्या पॅडांवर. लेदरच्या डायरीत काहीतरी थोर लिहायला पाहिजे असं वाटत राहतं आणि मग ती कोरीच राहते, पण वर अ‍ॅसिडिटीच्या गोळीचं नाव छापलेल्या चिटोऱ्यावर काय थोर लिहिणार, माणूस गप जे ऐकलं ते लिहितो. पॅड गल्ल्याजवळ, पेन दोऱ्याने बांधलेलं (नाहीतर गिऱ्हाईक नेतं).

आता काय लिहायचं? माणूस जे बोलला ते जसंच्या तसं, आणि बोलताना त्याचे हात काय करत होते ते. बास. तुमचं मत लिहायचं नाही, "बिचारा", "दुःखी चेहऱ्याने", "डोळ्यात पाणी" हे तर अजिबात नाही, कारण आठ दिवसांनी चिठ्ठी उघडाल तेव्हा "दुःखी चेहरा" वाचून तुम्हालाच काही आठवणार नाही. आणि त्याच दिवशी लिहायचं. रात्री जेवून लिहू म्हटलं की जेवणात वाक्य बदलतं, आपण त्याला नकळत इस्त्री करतो.

एक चिठ्ठी दाखवतोच. एक म्हातारे गृहस्थ सोमवारी आले, दहाची स्ट्रिप परवडेना म्हणून सहा गोळ्या कापून घेतल्या, रोज एक घ्यायची होती. शनिवारी परत आले, शर्टाच्या खिशातून स्ट्रिप काढली, काउंटरवर ठेवली आणि बोटाने सरळ केली. "चार राहिल्यात. घेता का माघारी?" मी सवयीनं म्हटलं, काका, कापलेली स्ट्रिप परत घेत नाही. तर म्हणाले, "मी कुठं कापली? तुम्हीच कापून दिली की." आणि स्ट्रिप परत खिशात घालून गेले. त्यानंतर गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी उगाच हिशोब केला, सहातून चार राहिल्या म्हणजे दोनच घेतल्या, सोमवार आणि मंगळवार. आज शनिवार. मग बुधवारी काय झालं? मी विचारलंच नव्हतं.

चिठ्ठीत एवढंच होतं. पण मी शहाणा, पहिल्या खर्ड्यात नऊ पानं लिहिली, त्यात पाऊस, सरकारी दवाखाना, हार घातलेला फोटो, म्हाताऱ्याचे हुंदके, सगळं आणलं. कथा परत आली. संपादकांनी दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यांचा अर्थ असा की यात सगळे रडतात पण ज्याने नाही म्हटलं तो दुकानदार कुठाय. लई राग आला, आठ महिने ती फाईल उघडली नाही, आणि उघडली तेव्हा लगेच कळलं की त्यांचं बरोबर होतं. मग म्हातारा काउंटरपाशीच ठेवला, त्याच्या घरी गेलोच नाही, आणि कथा केली त्या दुकानदाराची, ज्याला वीस-बावीस रुपये देता आले असते आणि जो रात्री शटर लावताना सहातून चार वजा करत बसतो. चार पानं झाली. छापून आली.

तर पद्धत ही अशी आहे, जे तुम्हाला कळलेलं नाही तिथंच कथा असते, आणि ते कळल्यासारखं करायला गेलात की ती जाते. माझ्यापुरतं म्हणतोय हां, काहींना आधी सगळा आराखडा लागतो, लागू दे.

वेळेचं. दुपारी दोन ते साडेतीन मी शटर अर्ध्यावर ओढतो, डबा खातो आणि उरलेला तासभर लिहितो. पानं मोजत नाही, फक्त बसायचं. तुम्ही शिक्षक असाल तर ऑफ तास, एसटीत असाल तर मुक्कामाच्या गाडीचा स्टँडवरचा वेळ, जे असेल ते, पण रोज एकच जागा ठरवा. रविवारी निवांत लिहू म्हणणारे मी खूप बघितलेत, रविवारी मटण असतं, पाहुणे असतात, कथा नसते. कॅनडाची अ‍ॅलिस मन्रो, जिला 2013 चं नोबेल मिळालं, ती सुरुवातीची वर्षं मुली झोपल्या की तेवढ्या वेळात लिहायची आणि 1963 मध्ये नवऱ्यासोबत पुस्तकांचं दुकान टाकलं होतं, हे कळलं तेव्हा दुकानदार म्हणून मला जरा बरं वाटलं. आपल्याकडे जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, व्यंकटेश माडगूळकर पुण्यात आकाशवाणीत होते. नोकरी सोडून लिहिणारे कथाकार मला तरी फार सापडले नाहीत, आणि नोकरीतूनच माणसं भेटतात, ती सोडून काय करणार.

हात बसवायला एक सराव सांगतो. रशियन कथाकार चेकॉव्ह डॉक्टर होण्याच्या आसपास पीटर्सबर्गच्या एका विनोदी साप्ताहिकासाठी लिहायचा, तिथं साधारण शंभर ओळींची मर्यादा होती. तुम्हीही शंभर ओळी आखून घ्या आणि त्यात एक प्रसंग संपवा. पहिल्यांदा ऐंशी ओळी नुसत्या गावाच्या वर्णनात जातील, जाऊ द्या, मग त्या ऐंशी कापा आणि बघा काही बिघडतं का. माझं कधीच बिघडलं नाही, याचं वाईट वाटतं पण खरंय.

कथा झाली की मोठ्यानं वाचायची, हे सोडू नका. शंकर पाटील, मिरासदार आणि माडगूळकर हे तिघं गावोगाव कथाकथन करायचे, समोर हजारभर माणसं, त्यात निम्मी शेतातून आलेली, तिथं वाक्य लांबलं की लगेच खोकल्याचे आवाज येत असणार. आपल्याला हजार नकोत, एक पुरे. माझी बायको मेथी निवडत ऐकते, चांगलं-वाईट काही बोलत नाही, पण हात थांबला की मी त्या ओळीला समासात टिंब करतो. जिथं ती मध्येच "कुकरची शिट्टी झाली का?" विचारते तो परिच्छेद दुसऱ्या दिवशी कापायचा. ऐकणारं कुणी नसेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि रात्री कॅश मोजताना ऐका, संवादात जीभ अडखळते तिथं तुम्ही पुस्तकी लिहिलेलं असतं. आमच्याकडं म्हातारा माणूस "मला क्षुधा नाही" म्हणत नाही, "भूक मेली बघ" म्हणतो.

आता नाजूक मुद्दा. गाव लहान, लोक वाचतात, आणि माझ्याकडं तर कुणाला काय झालंय ते सगळं माहीत असतं. आम्हाला ठराविक औषधांसाठी एच-वन रजिस्टर ठेवावं लागतं, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, तीन वर्षं सांभाळायचं. त्या रजिस्टरमधलं काहीही कथेत येत नाही हा माझा नियम, मोडला तर दुकानही जाईल आणि झोपही. बाकी बदल करायचे ते असे की आजार बदला, बाईचा पुरुष करा, गाव नदीपलीकडं न्या, आणि एवढं करून वाक्य मात्र तेच ठेवा. गंमत म्हणजे ज्याच्यावर लिहिलंय त्याला कधीच कळत नाही, भलताच माणूस येऊन सांगतो की ते माझ्यावरच लिहिलंय ना.

लिहिणं आटलं तर? आटतंच, दरवर्षी पावसाळ्यात माझं आटतं, सर्दी-तापाची गर्दी असते. तेव्हा जुनी पॅडं काढायची (रजिस्टरसारखीच तीन वर्षं ठेवतो, मग रद्दी) आणि कुठल्याही दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवायच्या. झोपेची गोळी मागताना हसणारी बाई आणि रोज वजन करून जाणारा पण काही न घेणारा पोरगा, हे दोघं एका घरात राहत असतील तर? नऊ वेळा काही होत नाही. दहाव्या वेळी दुपारचा तास कमी पडतो.

शेवटी पाठवायचं. 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचं वर्ष दिवाळीला बांधलेलं आहे, त्यामुळं ऑक्टोबरात कथा पाठवून उपयोग नाही, तोवर अंक छापखान्यात असतात. मी उन्हाळ्यात संपवतो आणि जूनपर्यंत पाठवतो. एका वेळी एकाच अंकाला, उत्तर येईपर्यंत दुसरीकडं नाही, आणि दोन महिने झाले तर एक साधा मेसेज, "कथा मिळाली का, एवढंच विचारायचं होतं". साभार परत आली तर का आली असं फोन करून विचारू नका, त्यांनी आपण होऊन कारण लिहिलं तर ती चिठ्ठी मात्र जपून ठेवा.

फाईल युनिकोडमध्ये पाठवा, जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली कथा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसत्या रांगोळ्या दिसतात, माझी पहिली कथा तशीच गेली होती आणि तीन महिने मी उत्तराची वाट बघत होतो. सोबत पीडीएफ जोडा. आणि नाव-नंबर ईमेलमध्ये तर लिहाच, पण कथेच्या शेवटच्या पानावर पण लिहा, कारण तिकडं प्रिंट काढून वाचतात आणि पानं एका गठ्ठ्यात जातात.