ऑटोमॅटिक गाडीचा स्पीड सेन्सर: नवीन टाकण्याआधी या चुका टाळा

चेक लाइट लागली, गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसली, स्कॅनर लावला आणि पी०७१५ हा बिघाडाचा कोड दिसला, की गॅरेजमधलं पुढचं वाक्य ठरलेलं: "सेन्सर गेलाय साहेब, नवीन टाकून बघू." कधी त्याने गाडी सुधारतेही. पण बऱ्याचदा थोड्याच दिवसांत तोच कोड परत येतो, आणि मग विषय थेट गिअरबॉक्स उतरवण्यावर जातो. सेन्सरचं काम फक्त शाफ्ट किती वेगाने फिरतोय ते कळवण्याचं. त्यामुळे आधी एकच गोष्ट ठरवायची: सेन्सर चुकीचं कळवतोय, की गिअरबॉक्स खरंच घसरतोय आणि सेन्सर बिचारा खरं सांगतोय? हे न ठरवता पार्ट बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लहान गाड्या एएमटी असतात, म्हणजे साधाच क्लच आणि गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्रणा वेगळी. पुढचं सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे देणाऱ्या गिअरबॉक्सबद्दल आहे.

कोड अर्धाच वाचणं

इनपुट म्हणजे इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये येणारा शाफ्ट, आउटपुट म्हणजे चाकांकडे जाणारा. पी०७१५ म्हणजे इनपुट, अर्थात टर्बाइन स्पीड सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. सर्किट म्हणजे सेन्सर, कपलर (वायर जोडणारा प्लग), वायरिंग आणि गिअरबॉक्स चालवणारं कंट्रोल युनिट, सगळं मिळून. पी०७१६ म्हणतो की सिग्नल येतोय पण पटण्यासारखा नाही. पी०७१७ म्हणजे सिग्नलच नाही. पी०७१८ म्हणजे येतो-जातो. आउटपुट सेन्सरसाठी हीच उतरंड पी०७२० ते पी०७२३ अशी आहे. या शेवटच्या आकड्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि तपास कुठून सुरू करायचा ते तोच सांगतो. सिग्नल अजिबात नसेल तर आधी वायर आणि सप्लाय. सिग्नल विचित्र असेल तर सेन्सरच्या टोकावरची घाण, त्याच्यासमोर फिरणाऱ्या चक्राचे दात आणि दोन्हींमधली गॅप.

पी०७३१ ते पी०७३५ हे कोड मात्र निराळे: पहिल्या ते पाचव्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, एवढंच ते म्हणतात. इथे सेन्सरइतकाच संशय क्लच प्लेट, ऑइल आणि सोलेनॉइडवर (ऑइलचा दाब सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हवर) हवा. आणि कोड पुसण्याआधी स्कॅनरवरच्या फ्रीझ फ्रेमचा, म्हणजे कोड आला त्या क्षणाच्या नोंदीचा, फोटो काढून ठेवा. कोड कोणत्या वेगाला, किती तापमानाला आला ते तिथे असतं, पुसलं की गेलं.

"स्पीडोमीटर व्यवस्थित चालतोय, म्हणजे सेन्सर ठीक आहे" हा तर्कही सोडून द्या. बऱ्याच नव्या गाड्यांत काटा एबीएसच्या चाकांवरच्या सेन्सरवर चालतो. गिअरबॉक्सचा सेन्सर बंद पडला तरी काटा मजेत फिरत राहील.

लाइव्ह डेटा न बघता स्पॅनर हातात घेणं

साधा कोड रीडर इथे कमी पडतो. इंजिन आरपीएम, इनपुट आरपीएम आणि आउटपुट आरपीएम एकाच पडद्यावर दाखवणारा, शक्यतो ग्राफ काढणारा स्कॅनर हवा.

पहिली तपासणी गाडी न हलवता होते. 'पी'मध्ये इंजिन सुरू ठेवा: इनपुट आरपीएम इंजिनच्या आसपास दिसायला हवा. आता ब्रेक घट्ट दाबून 'डी'मध्ये टाका. चाकं थांबलेली, गिअर पडलेला, म्हणून इनपुट शून्यावर यायला हवा. 'पी'मध्येही शून्यच दिसत असेल तर सिग्नल येत नाहीये. उलट 'डी'मध्ये टाकूनही आकडा खाली आला नाही, तर क्लच पकडत नसेल. काही गाड्या उभ्या असताना पेट्रोल वाचवण्यासाठी मुद्दाम क्लच सैल सोडतात, तिथे शून्य दिसणार नाही. त्या मॉडेलची माहिती आधी काढून ठेवा.

दुसरी तपासणी रस्त्यावर, आणि स्कॅनरकडे बघायला दुसरा माणूस शेजारी हवा. एका गिअरमध्ये गाडी स्थिर चालू द्या आणि इनपुटला आउटपुटने भागा. तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.४१ असेल आणि आउटपुट १५०० असेल, तर इनपुट २११५ च्या जवळपास हवा. खरी गंमत ग्राफमध्ये आहे. रेष एकदम शून्यावर आदळून क्षणात परत वर येत असेल, तर तो विजेचा मामला: शाफ्ट असा क्षणात थांबून परत पळू शकत नाही. पण अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनसोबत इनपुट हळूहळू वर सरकतोय आणि आउटपुट मागे राहतोय, असं असेल तर गिअर घसरतोय. सेन्सर निर्दोष. अशा वेळी नवीन सेन्सरवर पैसे घालवू नका.

ओहम मीटर लावून मोकळं होणं

मॅग्नेटिक पिकअप सेन्सरमध्ये कॉइल असते. तिचा रेझिस्टन्स साधारण काहीशे ते दोनेक हजार ओहम. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. तो स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो आणि वेग वाढला की व्होल्टेजही वाढतं. हॉल सेन्सरला मात्र बाहेरून सप्लाय लागतो आणि तो चौकोनी सिग्नल देतो. त्यावर ओहम मीटर लावून "ओपन दाखवतोय, गेला" म्हणणं याला काहीच अर्थ नाही. तीन वायर असतील तर बहुधा हॉल. दोन वायर म्हणजे मॅग्नेटिकच, असंही धरू नका: काही हॉल सेन्सर दोनच वायरवर चालतात आणि करंट कमीजास्त करून सिग्नल देतात.

हॉलसाठी इग्निशन चालू करून कपलरवर सप्लाय आणि अर्थिंग बघा. ते असतील तर शाफ्ट हळूहळू फिरवून सिग्नल वरखाली होतो का ते पाहा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत यासाठी दोन्ही चाकं उचलून एकच फिरवलं, तर दुसरं उलटं फिरतं आणि आउटपुट शाफ्ट जागचा हलतही नाही. चांगला सेन्सर इथेच 'मेला' ठरतो. म्हणून एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड.

कपलर आणि वायर सोडून देणं

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. पावसाळ्यात कपलरमध्ये पाणी शिरतं आणि पिना हिरव्या पडतात. पार्किंगमधले उंदीर हार्नेस, म्हणजे वायरचा जुडगा, कुरतडतात. वायर सायलेन्सरच्या पाइपला टेकून वितळते. कपलर काढून सेन्सरपासून कंट्रोल युनिटपर्यंत एकेक वायर तपासा, आणि तपासताना हार्नेस हाताने हलवत राहा. ताणल्यावरच तुटणारी वायर सरळ असताना ठणठणीत दाखवते. इन्सुलेशनला सुई टोचून टेस्टिंग करू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात तुम्हीच केलेला बिघाड तुम्हीच शोधत बसता.

मर्सिडीजचा ७२२.६ हा पाच गिअरचा गिअरबॉक्स याचं उत्तम उदाहरण. त्याचे दोन्ही स्पीड सेन्सर आतल्या कंडक्टर प्लेटवर, म्हणजे विजेच्या जोडण्यांच्या पाटीवर, असतात. सेन्सर बिघडला की गाडी दुसऱ्या गिअरवर अडकते. पण त्याच गिअरबॉक्सच्या १३ पिनांच्या कपलरची ओ-रिंग (रबराची गोल सील) गळायला लागली, की ऑइल तारांच्या आतून चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. प्लेट बदलण्याआधी कंट्रोल युनिटचा कपलर उघडून बोट फिरवा. बोट तेलकट झालं, तर काम वेगळं आहे.

बॅटरीही बघा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळत नसतील, तर कंट्रोल युनिट भलतेसलते कोड टाकू शकतं.

थंड गाडीवर निकाल देणं

पुष्कळ सेन्सर गरम झाल्यावरच दगा देतात. सकाळी गॅरेजमध्ये सगळं ठीक, आणि घाट चढताना झटका. तक्रार गरम गाडीची असेल, तर तपासणीही गाडी चालवून, ऑइल तापल्यावरच करा.

बसवताना

मॅग्नेटिक सेन्सर बाहेर काढला की टोक बघा. राखाडी, बारीक लेप चालतो, पुसून टाका. चकाकणारे तुकडे किंवा किस दिसला तर सेन्सर तिथेच ठेवा आणि आधी ऑइल चेंबर उघडा. नवी ओ-रिंग गिअरबॉक्समध्ये असलेल्याच जातीच्या ऑइलमध्ये बुडवून लावा. सेन्सर अडला तर हातोडी नको, सीट साफ करा. काढताना थोडं ऑइल सांडतंच, म्हणून लेव्हल कंपनीने सांगितलेल्या तापमानाला तपासा आणि कंपनीने सांगितलेलंच ऑइल भरा. शेवटी स्कॅनरने अॅडॅप्टेशन (कंट्रोल युनिटने शिकलेली गिअर बदलण्याची सवय) रीसेट करून रस्त्यावर पुन्हा तोच ग्राफ काढा.

गाडी रस्त्यात बंद पडलीच, तर दोरी बांधून ओढत नेऊ नका. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद असलं की ऑइल पंपही बंद असतो आणि इंजिनची ताकद मिळणारी चाकं फिरत राहिली तर गिअरबॉक्स सुकाच फिरतो. फ्लॅटबेड मागवा, भाडं जास्त पडलं तरी.