व्हे प्रोटीनने बीपी कमी करायचंय? मग हे असं करा

आमच्याकडे आई-बाबा दोघांनाही बीपी आहे, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा. मध्यंतरी आईने कुठेतरी ऐकलं की पनीरचं पाणी प्यायलं की बीपी उतरतं, आणि रोज पेलाभर प्यायला लागली. म्हणून आधी तेच सांगते.

पनीर करताना दूध फाटल्यावर जे हिरवट पिवळं पाणी उरतं ते म्हणजे व्हे, बरोबर आहे. पण दुधातल्या प्रोटीनपैकी व्हे फक्त २० टक्के, बाकी केसीन, म्हणजे ज्याचं पनीर होतं ते प्रोटीन. म्हणजे लिटरभर दुधात व्हे प्रोटीन जेमतेम ६ ग्रॅम, आणि आपण दूध उकळून फाडतो ना, त्यामुळे त्यातलंही बरंचसं पनीरलाच चिकटून जातं. आता इंग्लंडमधल्या रेडिंग युनिव्हर्सिटीने २०१६ मध्ये जो अभ्यास छापला त्यात ३८ जणांनी ८ आठवडे रोज ५६ ग्रॅम व्हे प्रोटीन घेतलं होतं, निम्मं निम्मं करून दोन वेळा. म्हणजे नऊ लिटर दुधाचं! तेव्हा ते पाणी फेकू नका, कणीक मळा, आमटीत घाला, पण बीपीसाठी त्याच्यावर विसंबू नका. त्यासाठी पावडरच लागते.

आणि फरक किती पडला? २४ तासांच्या सरासरीत वरचा आकडा साधारण ४ ने, खालचा अडीचने. म्हणजे १४८ चं १४४. चांगलंच आहे, पण गोळी बंद करण्याइतकं अजिबात नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा.

सुरुवात डॉक्टरांपासून करा. किडनीचा त्रास असेल तर त्यांना विचारल्याशिवाय चमचाभरही नको, दुधाची ॲलर्जी असेल तर विषयच संपला. रामिप्रिल, एनालाप्रिलसारखी गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण व्हे पचताना जे बारीक तुकडे होतात ते याच गोळ्यांसारखं, पण खूपच हलकं काम करतात असं प्रयोगशाळेत दिसलंय.

मग पावडर आणायच्या आधी सात दिवस बीपी मोजून वहीत लिहा. सकाळी गोळी आणि चहाच्या आधी, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर सपाट, पट्टा उघड्या दंडावर आणि दंड छातीच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. संध्याकाळी परत तसंच. बाबा पायावर पाय टाकून, टीव्ही बघत मोजायचे आणि मग आकडा बघून घाबरायचे, नीट बसवल्यावर कमी यायला लागला.

डबा घेताना मागचं लेबल वाचा. फक्त व्हे लिहिलेला साधा घ्या, दूध पचत नसेल तर व्हे आयसोलेट लिहिलेला, त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, खूप कमी असतं. सोडियम किती ते बघाच, आणि मास गेनर म्हणून विकतात तो नको, त्यात साखरच जास्त.

घ्यायचं कसं, तर एकदम दोन स्कूप, म्हणजे डब्यातले मापाचे चमचे, नको, पोट फुगतं. पहिला आठवडा अर्धा स्कूप. आई बिनचवीची पावडर ताकात घेते, आधी थोड्या ताकात रवीने घुसळून मग बाकीचं ओतते, वर जिरेपूड, मीठ नाही. गरम दुधात टाकली तर गुठळ्या होतात. आणि दिवसाला ५६ ग्रॅम म्हणजे सव्वादोनशे कॅलरी वाढल्या, तेवढं जेवणातून कमी करा, नाहीतर वजन वाढून बीपी आहे तिथेच.

मिठाचं मात्र सोडू नका. दिवसाला सगळं मिळून एक छोटा चमचा, ५ ग्रॅमच्या आत. लोणचं, पापड, फरसाण धरून.

आठ आठवड्यांनी परत सात दिवस तसंच मोजा, त्याच वेळी, त्याच मशीनवर. दोन्ही आठवड्यांची सरासरी काढून वही डॉक्टरांना दाखवा. काहीच फरक नसेल तर दुसरा डबा आणू नका, त्या पैशांची भाजी-फळं आणा.