आखडलेला खांदा हाताने मोकळा करताना

फ्रोझन शोल्डरमध्ये खांद्याच्या सांध्याचे कॅप्सूल, म्हणजे सांध्याला चहूबाजूंनी वेढणारी तंतुमय पिशवी, आधी सुजते आणि मग जाड होऊन आकसते. हा त्रास बहुतेक वेळा चाळिशी ते साठीच्या दरम्यान होतो. स्त्रियांमध्ये तो अधिक दिसतो आणि मधुमेहींमध्ये त्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते, त्यामुळे असा रुग्ण आला की रक्तातील साखर तपासली आहे का, हे आवर्जून विचारावे. येथे सांगितलेली हाताळणी फिजिओथेरपीचे विद्यार्थी आणि नव्याने काम सुरू केलेले थेरपिस्ट यांच्यासाठी आहे. घरच्या मंडळींनी ती करू नये. त्यांनी रुग्णाकडून शेवटी दिलेले व्यायाम नियमित करून घ्यावेत, तेवढी मदत पुष्कळ आहे.

आधी तपासणी करावी. रुग्णाला उताणे झोपवून कोपर कुशीला टेकवावे, काटकोनात वाकवावे आणि हात हळूहळू बाहेरच्या बाजूला फिरवावा. या आजारात सर्वांत जास्त अडते ती हीच हालचाल. त्यानंतर हात बाजूने वर उचलणे आणि मग आतल्या बाजूला फिरवणे, असा क्रम साधारणपणे आढळतो. हालचाल कोठे थांबते यापेक्षा कशी थांबते हे तळहाताला कळले पाहिजे. घट्ट, चिवट अडथळा लागून ती थांबत असेल तर कॅप्सूल आकसलेले आहे असे समजावे. अडथळा लागण्याआधीच रुग्ण वेदनेने हात आवळून घेत असेल तर सूज अजून ओसरलेली नाही. गोनिओमीटरने अंश मोजून तारखेसह नोंद ठेवावी.

याच फरकावर पुढचे सारे अवलंबून आहे. ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी हाताळणीच्या ज्या पायऱ्या ठरवल्या, त्यांतील पहिली व दुसरी अडथळ्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि त्या वेदना कमी करण्यासाठी वापरतात. तिसरी व चौथी अडथळ्याच्या आत जातात आणि त्या आखडलेपणासाठी असतात. दुखऱ्या, सुजलेल्या खांद्यावर चौथी पायरी वापरली तर रुग्णाची रात्रीची झोप जाते आणि दुसऱ्या दिवशी तो हात लावू देत नाही. जोर लावला की सांधा सुटतो, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. कोपराला मार लागल्यावर जोरजोराने मालिश करून तो ओढून सरळ केल्यामुळे स्नायूतच हाड तयार झालेले रुग्ण आजही येतात, आणि ते पाहून वाईट वाटते, कारण हे नुकसान सहज टाळता आले असते.

न जुळलेले फ्रॅक्चर, सांध्यातील जंतुसंसर्ग, हाडातील गाठ किंवा खूप ठिसूळ झालेली हाडे असतील तर ही हाताळणी करू नये. शंका असल्यास एक्स-रे पाहिल्याशिवाय सुरुवात करू नये.

प्रारंभी दहा-पंधरा मिनिटे शेक द्यावा. हात शरीरापासून थोडा दूर आणि किंचित पुढे, उशीच्या आधारावर ठेवावा, कारण या स्थितीत कॅप्सूल सर्वांत सैल असते. दंडाचे हाड खोबणीपासून अलगद दूर घेत पहिल्या-दुसऱ्या पायरीची मंद लयीतील हालचाल अर्धा ते एक मिनिट करावी. रुग्णाचा जबडा आणि मूठ सैल पडली की पुढे जावे.

हात वर उचलताना दंडाच्या हाडाचा गोल माथा खाली घसरावा लागतो. तो घसरला नाही तर वरच्या हाडाच्या छपराला जाऊन भिडतो. म्हणून हात जेवढा सहज बाजूला जातो तेवढा न्यावा, एका हाताने कोपराला आधार द्यावा, दुसऱ्या हाताचा अंगठा व तर्जनी यांमधील भाग खांद्याच्या टोकालगत माथ्यावर ठेवावा आणि पायांच्या दिशेने दाब द्यावा. दाब मनगटातून न देता आपल्या शरीराचे वजन झुकवून द्यावा, म्हणजे तो एकसारखा राहतो.

बाहेर फिरवण्याची हालचाल वाढवण्यासाठी माथा पुढे सरकवावा, असे पाठ्यपुस्तकातील नियम सांगतो. प्रत्यक्षात मात्र मागच्या दिशेचा ग्लाइड, म्हणजे माथा मागे सरकवणे, अधिक उपयोगी ठरतो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या, 20 रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासात मागच्या ग्लाइडने सुमारे 31 अंशांची वाढ मिळाली, तर पुढच्या ग्लाइडने केवळ 3 अंशांची. त्यासाठी हात बाजूला आणि बाहेर फिरवून उपलब्ध मर्यादेपाशी आणावा, तळहाताची टाच माथ्याच्या पुढच्या बाजूवर ठेवावी आणि दाब खाली पलंगाकडे व किंचित बाहेरच्या बाजूला द्यावा, कारण खोबणीचा रोख थोडा पुढे असतो. दाब एक मिनिटभर टिकवून ठेवावा, सोडावा व पुन्हा द्यावा. खांद्याचे पाते सोबत सरकू लागले, तर मिळालेले अंश सांध्याचे नसतात, हे लक्षात ठेवावे.

हाताळणी संपताच मिळालेली हालचाल रुग्णाने स्वतः वापरली पाहिजे. काठी दोन्ही हातांत धरून दुखरा हात बाहेर ढकलणे, भिंतीवर बोटे चालवत वर नेणे आणि पुढे वाकून हात लंबकासारखा झुलवणे हे व्यायाम घरी दिवसातून तीन-चार वेळा करावेत. उपचारानंतरचा ठणका काही तासांत ओसरला पाहिजे. सकाळपर्यंत टिकला तर पुढच्या वेळी पायरी उतरवावी. काही आठवडे नीट उपचार करूनही नोंदवहीतील अंश हलत नसतील, तर सांध्यात इंजेक्शन देण्याविषयी अस्थिरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे आणि इंजेक्शन दिल्यास व्यायाम पुन्हा केव्हा सुरू करायचे, हे त्याच भेटीत ठरवून घ्यावे.