डिफ गप्प, तरी बॅकअप पोकळ

गावच्या जत्रेतल्या नाटकांची पंधरा वर्षांची रेकॉर्डिंग जुन्या डिस्कवर होती. फोंड्याच्या पावसात ती डिस्क किती टिकेल देव जाणे, म्हणून सगळं नव्या डिस्कवर उतरवलं आणि ‘डिफ -आर’ चालवलं, म्हणजे दोन फोल्डरांतल्या फायली ताडून फक्त फरक दाखवणारी लिनक्सची आज्ञा. एक ओळही आली नाही. खूश होऊन जुनी डिस्क काढली, तर निम्मी नाटकं उघडेनात!

गोम सिमलिंकची, म्हणजे स्वतःत मजकूर नसून दुसऱ्या फायलीचा फक्त पत्ता असलेल्या फायलीची. जागा वाचवायला मीच कधीतरी काही फायली दुसऱ्या फोल्डरात ठेवून पूर्ण पत्त्याचे लिंक केले होते. कॉपी करताना लिंक तसेच आले, आणि नव्या डिस्कवरूनही बोट जुन्या डिस्ककडेच. डिफ मुळात लिंकमागे जातो. त्यामुळे तो फाइल तिच्याशीच ताडून पाहत होता. फरक कुठून दिसणार? डिफच्या २०१३मधल्या ३.३ आवृत्तीपासून लिंकमागे न जाण्याचा ‘--नो-डीरेफरन्स’ हा पर्याय आहे, पण त्यात फक्त लिंकमधला पत्ता ताडला जातो. पत्ता दोन्हीकडे सारखाच, म्हणून तोही गप्प.

शेवटी फायली शोधणाऱ्या ‘फाइंड’ला ‘-एलनेम’ देऊन स्लॅशने सुरू होणारे लिंक शोधले. जुनी डिस्क परत जोडून कॉपी करणारं ‘आरसिंक’ मोठ्या ‘एल’सह चालवलं, म्हणजे लिंकऐवजी खरी फाइल येते.

मग प्रत्येक फाइल, दोन फायली बाइट-बाइट ताडणाऱ्या ‘सीएमपी’ने तपासायला घेतली, तर स्क्रिप्ट अर्धा तास ढिम्म. एका फोल्डरात जुन्या प्रयोगातला फिफो, म्हणजे एका प्रोग्रॅमने लिहायचं नि दुसऱ्याने वाचायचं अशी नळीवजा फाइल, पडून होता. लिहिणारा कोणी येईपर्यंत तो उघडतच नाही. ‘फाइंड’ला फक्त साध्या फायली घेणारं ‘-टाइप एफ’ घातलं नि सुटलो.