जुनी गाडी गरम होतेय? आधी कधी होतेय ते बघा

जुन्या गाडीचा टेम्परेचरचा काटा वर जायला लागला की बहुतेक जण अंदाजाने पार्ट बदलत सुटतात, आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह), मग वॉटर पंप, मग रेडिएटर, आणि एवढं करून गाडी गरम ती गरमच. मी पण केलंय हे. शेवटी निघालं काय तर रेडिएटर कॅपचं रबर कडक होऊन गेलेलं. तेव्हापासून पाना हातात घ्यायच्या आधी मी एकच गोष्ट बघतो, गाडी गरम नक्की कधी होते? ट्रॅफिकमध्ये उभी असताना, मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना, की चालू केल्यावर पाच मिनिटांतच? अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

काटा आत्ता लाल पट्ट्यात गेलाय आणि तुम्ही रस्त्यात आहात असं असेल तर एसी बंद करा, हिटर फुल गरम आणि ब्लोअर फुल करा. घाम निघेल, पण हिटरच्या आत छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनची थोडी उष्णता तुमच्या अंगावर काढून घेतो. तेवढ्यात गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "अजून दोनच किलोमीटर" म्हणून रेटत नेली की इंजिनचं हेड, म्हणजे ब्लॉकवर बसणारा अॅल्युमिनियमचा वरचा भाग, वाकतं आणि छोट्या कामाचं मोठं काम होऊन बसतं. बोनेट उघडून ठेवा, पण कॅपला हात लावू नका, निदान पाऊण तास तरी नाही. आतलं पाणी प्रेशरखाली असतं म्हणून १०० डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही, कॅप फिरवली की प्रेशर जातं आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं, फडकं धरून हळूच उघडतो म्हणणारेही भाजलेत. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी तर अजिबात ओतायचं नाही, हेडला नाहीतर ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

आता गाडी पूर्ण थंड झाल्यावरचं काम. पहिल्यांदा पाण्याची लेव्हल बघा, आणि नुसती जादा पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीतली नाही, रेडिएटरला स्वतंत्र कॅप असेल तर ती उघडून आतली बघा, कारण बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं जुन्या गाड्यांत बऱ्याचदा सापडतं. लेव्हल कमी असेल तर पाणी कुठेतरी जातंय. कुलंट (पाण्यात मिसळायचं रंगीत रसायन) सुकला की मागे पांढरट किंवा त्याच्या रंगाची खपली राहते, ती होज पाइपच्या क्लिपांपाशी, रेडिएटरच्या कडांना आणि वॉटर पंपाखाली शोधा. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, तिथून ओघळ दिसला तर आतलं सील गेलं, पंप बदलायचाच. आत पायाखालचं कार्पेट ओलं लागलं आणि गोडसर वास आला तर हिटरचा रेडिएटर गळतोय. हो, कुलंट विषारी असतो आणि चवीला गोड, त्यामुळे सांडलेला तसाच ठेवू नका, कुत्री-मांजरं चाटतात.

कॅप काढलीच आहे तर तिचं रबर आणि स्प्रिंग नीट बघून घ्या. कॅप प्रेशर धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं आणि बाटलीतून बाहेर फेकलं जातं, आणि कॅपमधला छोटा उलटा व्हॉल्व्ह अडकला असेल तर गाडी थंड झाल्यावर होज पाइप चिपाडासारखा चपटा झालेला दिसतो. सगळ्यात स्वस्त पार्ट आहे हा, म्हणूनच कोणी बघत नाही.

आता येऊ कधी गरम होते त्यावर. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की खाली येतो, म्हणजे रेडिएटरला वारा मिळत नाहीये, सरळ फॅनवर जा. इलेक्ट्रिक फॅन असेल तर इंजिन चालू करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला पाहिजे. नाही फिरला तर आधी फ्यूज आणि रिले (फॅनला करंट देणारा विजेवर चालणारा स्विच), मग फॅनच्या मोटरला बॅटरीतून डायरेक्ट १२ व्होल्ट देऊन बघा. डायरेक्टवर फिरला म्हणजे मोटर चांगली आहे, दोष वायरिंगमध्ये, रिलेत किंवा टेम्परेचर स्विचमध्ये. जुन्या गाड्यांत हा स्विच रेडिएटरलाच बसवलेला असतो, दोन पिनांचा असेल तर त्याचा कनेक्टर काढून दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडा, फॅन फिरला तर स्विच बाद. हे करताना बोटं पात्यांपासून लांब, इंजिन बंद असलं तरी हा फॅन अचानक सुरू होऊ शकतो.

कधीकधी फॅन फिरत असतो पण उलटा. मोटर बदलताना वायरी उलट्या लागल्या की असं होतं आणि माणूस आठवडाभर डोकं खाजवत बसतो. फॅन रेडिएटरच्या इंजिनकडच्या बाजूला असेल तर समोरून जाळीपाशी कागद धरा, तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. इंजिनवरच बसलेला व्हिस्कस क्लचचा (आतल्या घट्ट तेलाच्या पकडीवर फिरणारा) फॅन असेल तर इंजिन बंद करून हाताने फिरवा, थोडा जड लागला पाहिजे, भिंगरीसारखा फिरत राहिला तर क्लच गेला. बेल्ट ढिला आहे का तेही तिथेच बघून घ्या.

उलट प्रकार म्हणजे गावात ठीक चालते पण हायवेला किंवा चढाला गरम होते. वेगात वारा तर भरपूर असतो, म्हणजे पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर चोक आहे. आधी बाहेरून बघा, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत माती, पानं, किडे यांची चटई बसलेली असते आणि ती समोरून दिसतच नाही. पाणी आतून बाहेर मारा, हळू प्रेशरने, जोरात मारलं तर पातळ पत्र्या वाकतात. आतून चोक असेल तर इंजिन गरम करून बंद करा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरवर जागोजागी टेम्परेचर घ्या, मध्येच गार पट्टा सापडला की तिथे क्षार बसलेत. वर्षानुवर्षं साधं पाणी घालत राहिलं की हेच होतं, कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. खालचा होज पाइप मऊ पडला असेल तर इंजिन रेस केल्यावर तो आत ओढला जाऊन चपटा होतो, तेही बघा. पाण्याची बाजू ठीक निघाली तर चाक हाताने फिरवून ब्रेक जाम आहे का बघा, आणि पेट्रोल गाडी असेल तर इग्निशनचं टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) तपासून घ्या.

थंड गाडी चालू केली आणि काही मिनिटांतच काटा वर, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो. काटा वर चढलाय पण रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप अजून गारच, ही त्याची खूण. काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवा, तळाला न टेकवता, आणि पाणी तापवा, त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा जो आकडा असतो त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. काही मेकॅनिक सांगतात, काढूनच टाका, कटकट नको. मला हे पटत नाही, इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल-डिझेल जास्त खातं आणि खरा दोष झाकला जातो.

शेवटी नकोसं वाटणारं, हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील. कुठे गळती नाही तरी पाणी कमी होतंय, थंड इंजिन चालू केल्याबरोबर होज दगडासारखे कडक, उघड्या रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर, ऑइल दुधाळ, यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर गाडी चालवू नका. गॅरेजमध्ये निळ्या केमिकलची टेस्ट करतात, रेडिएटरमधल्या हवेत एक्झॉस्टचा गॅस असेल तर ते पिवळं पडतं, ती करून मगच हेड उघडायला सांगा, कारण एअरलॉकमुळेही बुडबुडे येतात.

एअरलॉक म्हणजे पाणी भरताना आत अडकलेली हवा. कुठलंही काम केलं की गाडीचं नाक थोडं उंचावर घ्या, हिटर गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर ढिला करा आणि थंड इंजिनात हळूहळू भरा. हिटरमधून गरम हवा यायला लागली आणि फॅन एकदा चालू होऊन बंद झाला की समजा पाणी फिरतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी लेव्हल परत बघा, थोडी खाली गेलेली असतेच, तेवढी भरा. तिसऱ्या दिवशीही खाली गेली तर गळती अजून आहे, परत खपली शोधायला लागा.