वाणसामानाच्या यादीवरून घरचा आहार कसा तपासावा

आहार चांगला आहे की वाईट, हे एखाद्या पदार्थावरून ठरत नाही. अमेरिकेत 1997 साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ चाचणीत मिठाचे प्रमाण सर्व गटांत सारखे ठेवूनही, भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांशाचे दूध अधिक असलेल्या आहाराने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा दाब नेहमीच्या आहारावरील गटापेक्षा सरासरी 11 अंकांनी अधिक उतरला होता. म्हणून एका ताटापेक्षा महिन्याची यादी तपासणे अधिक उपयोगाचे ठरते.

त्यासाठी मागील तीन महिन्यांच्या वाणसामानाच्या पावत्या आणि औषधांची बिले शेजारी मांडावीत. मधुमेह, रक्तदाब यांच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च बहुतेक विमा पॉलिसींत मिळत नाही, तो घरातूनच जातो. देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के भार 2021-22 मध्ये लोकांनी स्वतःच्या खिशातून उचलला.

आता हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, दिवसाला 2000 किलोकॅलरी लागणाऱ्या व्यक्तीसाठी तृणधान्ये सुमारे 250 ग्रॅम, डाळी-कडधान्ये 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम आणि तेल-तूप 27 ग्रॅम धरावे. चार प्रौढांच्या घरात महिन्याला हे धान्य 30 किलो, डाळी-कडधान्ये सुमारे 10 किलो आणि तेल-तूप मिळून सव्वातीन किलोच्या आसपास होते. यादीत मात्र बहुधा उलटे चित्र दिसते: तेलाच्या पिशव्या सहा-सात आणि तूरडाळ, मूग, मटकी सगळे मिळून जेमतेम चार किलो. पातळ वरणाची वाटी भरलेली दिसते, पण तिच्यात डाळ किती आणि पाणी किती, हे शिजवण्यापूर्वी एकदा वजनकाट्यावर पाहावेच. मांस, मासे, अंडी खाणाऱ्या घरात डाळीचा काही वाटा त्यांतून भरून निघतो.

मिठाचा हिशेब फसवा असतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चौघांना महिन्याला 600 ग्रॅमच्या आत. यात लोणचे, पापड, फरसाण, वेफर्स यांतले मीठही आले, त्यामुळे मिठाची पिशवी मर्यादेत असली तरी समाधान मानू नये.

सगळे एकाच महिन्यात बदलू नये. आधी तेलाची पिशवी फोडताना तिच्यावर तारीख लिहावी; ती किती दिवस पुरते हे कळले की फोडणीतला हात आपोआप आवरतो. पुढच्या महिन्यात तांदळाचा थोडा वाटा ज्वारी-बाजरीला द्यावा आणि आठवड्यातून तीन दिवस मोड आलेल्या कडधान्यांची उसळ करावी. डाळ आणि भाजी वाढली की वाण्याचे बिलही वाढू शकते, हे मान्य करायला हवे. फरसाण, बिस्किटे, शीतपेये कमी केल्याने त्यातले काही भरून निघते.

औषधे स्वतःहून कमी करू नयेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना भात-पोळी एकदम कमी केल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डाळ वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. एचबीएवनसी ही तपासणी दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवते. मधुमेही व्यक्तीने तिचा आकडा आणि घरी मोजलेला रक्तदाब त्याच यादीच्या मागे लिहून तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. गोळीची मात्रा बदलायची का, हे ते ठरवतील.