पार्सलच्या गाडीवर नवीन लागलाय? डॉक सोडायच्या आधी एवढं करून घ्या

भिवंडी ते नागपूर पार्सलची गाडी मी बरीच वर्षं चालवतोय आणि नवीन पोरं सारखी विचारतात की दादा पगार पूर्ण हातात का येत नाही, तर भावांनो बहुतेक पैसा डॉकवरच, म्हणजे गाडी भरायच्या फलाटावरच जातो. गाडी भरताना जो केबिनमध्ये झोपून राहतो, शॉर्टेज, म्हणजे कमी निघालेला माल, त्याच्याच नावावर पडतं.

माझंही तसंच झालं होतं. एका कंपनीत नवीनच लागलो होतो, गाडी संध्याकाळी डॉकला लागली, भरून होईपर्यंत रात्रीचे दोन वाजले, सुपरवायझरने उठवून भरलेल्या मालाची शीट पुढे केली आणि मी डोळे चोळत सही करून टाकली. नागपूरला माल उतरवला तर ११ नग कमी. गाडीच्या मागच्या दाराचं सील शाबूत होतं म्हणजे वाटेत कोणी हात लावलेला नव्हता, पण शीटवर सही माझी होती ना, दोन महिने पगारातून कापत राहिले.

म्हणून पहिलं काम नग मोजायचं. बऱ्याच हबवर, म्हणजे जिथे पार्सलच्या गाड्या भरतात-उतरवतात तिथे, ड्रायव्हरला आत सोडतच नाहीत, मग सही करताना तिथेच पेनाने लिहायचं, "माल माझ्यासमोर मोजलेला नाही, गाडी सील लावून मिळाली". सुपरवायझर कुरकुर करतो, करू द्या, आवाज न चढवता लिहा आणि त्या शीटचा फोटो काढा. सील लावलं की ते हाताने ओढून बघा, नंबर वाचता येईल असा जवळून एक फोटो आणि सील व गाडीची नंबर प्लेट दोन्ही दिसतील असा मागून एक. शीटवरचा सील नंबर एकेक आकडा जुळवून घ्या, घाईत लिहिलेल्या १ चा ७ वाचला जातो आणि पुढचा हब म्हणतो सील बदललंय. फोटो नुसते मोबाईलमध्ये ठेवू नका, निघायच्या आधी ऑफिसच्या ग्रुपवर टाका, म्हणजे वेळेची नोंद राहते.

वाटेत चेकिंगला सील तोडायला लागलं तर आधी ऑफिसला फोन, मग तपासणीचा कागद मागून घ्यायचा, तुटलेलं सील फेकायचं नाही, आणि नवीन सीलचा नंबर लगेच कळवायचा.

आता ई-वे बिल, म्हणजे माल नेताना सोबत लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल. पार्सलच्या गाडीत शंभर पार्ट्यांचा माल असतो त्यामुळे ऑफिस सगळ्यांचं मिळून एकत्रित बिल काढून देतं, त्यावर आपल्याच गाडीचा नंबर आहे का एवढं नक्की बघा, कारण ऐनवेळी गाडी बदलली की जुना नंबर तसाच राहतो. नंबरात एखाददुसरा आकडा चुकला तर १००० रुपये दंडावर सुटका होते, पण वेगळ्याच गाडीचा नंबर असेल तर गाडी अडकून बसते. बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. हबवर दोन दिवस उभं राहिलात किंवा गाडी बिघडली तर ती संपू शकते, आणि ती वाढवायला संपायच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास एवढाच वेळ मिळतो, म्हणून बिघाड झाला की मेकॅनिकच्या आधी ऑफिसला सांगा. माल दुसऱ्या गाडीत टाकला तर बिलावर नवीन नंबर चढल्याशिवाय ती गाडी हलवू देऊ नका.

हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे प्रत्येक कंपनीत वेगळे, कामाला लागतानाच विचारून ठेवा, आणि हबच्या गेटवर पोचल्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहून घ्या नाहीतर उभं राहिलेले तास कोणी मानत नाही.

झोपेचं मात्र मनापासून सांगतो. समृद्धी ७०१ किलोमीटर, सरळसोट रस्ता, रात्री डोळे उघडे असतात पण डोकं झोपलेलं असतं, मी हे स्वतः अनुभवलंय. १९६१ च्या मोटार कामगारांच्या कायद्यातच सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती. कंट्रोल रूमवाला "गाडी कधी लागेल" म्हणून सारखा फोन करेल, त्याला स्पष्ट सांगा की अर्धा तास थांबतोय, आणि थांबल्याचा मेसेज टाका. टायरची हवा निघायच्या आधी थंड टायरवरच बघा, चालून तापलेल्या टायरवर प्रेशर जास्त दाखवतं.

पोचल्यावर सील स्वतः तोडू नका, हबच्या माणसासमोर फोटो काढून त्यालाच तोडू द्या. नग कमी निघाले तर "सील शाबूत होतं" हे पावतीवर त्याच्या सहीने लिहून घ्या. तरीही कापले तर ऑफिसला लेखी विचारा, कारण पगारी ड्रायव्हरच्या पगारातून नुकसान कापायचं तर ते थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असावं लागतं आणि कापायच्या आधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, असं मजुरीचा कायदाच सांगतो. तेव्हा डॉकवरचे फोटो आणि पेनाने लिहिलेली ती ओळ पुढे ठेवा.

पावतीचा फोटो ग्रुपवर गेला की मग झोपायला जा.